तक्रार कोणत्या दारी न्यावी?

रात्रीच्या लोकलने आसनगावला उतरून अंधाऱ्या रस्त्याने घरी निघालेल्या बाईची भीती एकच असते. त्या भीतीवरचा उपाय मात्र दोन दारी असतो. बंद पथदिवा हे ग्रामपंचायतीचे काम, शहापूर आणि मुरबाड शहरांत नगरपंचायतीचे. गस्त व तपास ठाणे ग्रामीण पोलिसांकडे. पोलीस राज्य शासनाच्या अखत्यारीत येतात. नगराध्यक्ष त्यांना हुकूम देऊ शकत नाहीत, पण ठराव करून मागणी जरूर करू शकतात.

गावात पोलिसांशी पहिला दुवा पोलीस पाटील. १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने या दुव्याची जबाबदारी त्यांच्यावर आहे. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद, हद्द दुसरी असली तरी, पोलीस ठाण्याने नोंदवलीच पाहिजे. तिची प्रत मोफत मिळते. नकार मिळाला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवता येते. तातडीच्या वेळी ११२ फिरवा.

दिवा किंवा गस्त मागणाऱ्या अर्जात ‘परिसर असुरक्षित आहे’ एवढेच लिहू नका. कोणते वळण, कोणता वार, किती वाजता, हे नोंदवा. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या आणि विषय ग्रामसभेत मांडा. एकट्याची भीती इतिवृत्तात आली की ती गावाची मागणी होते.