आधी वजन, मग अंडं

गावठी कोंबडी दिवसभर उकिरडा उकरायची, तिन्हीसांजेला मूठभर कण्या टिपून खुराड्यात शिरायची. दहा-पंधरा अंडी झाली की खुडूक बसायची. वर्षाला 60-80 अंडी मिळाली तरी घर समाधानी असे, कारण तिच्या खाण्याला फारसा खर्चच नव्हता.

पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजची स्थापना 1971 ची. पुढे बीव्ही-300 सारख्या हलक्या, पांढऱ्या संकरित कोंबड्या महाराष्ट्रात रुळल्या आणि वर्षाला 300 अंड्यांचा पल्ला गाठता आला. दीड किलोची कोंबडी वर्षात साधारण 16 किलो वजनाची अंडी देते! एवढं देणाऱ्या जिवाला कण्या कशा पुरणार? दिवसाला 110 ग्रॅमच्या आसपास तोलून खाद्य आलं: मका, सोयापेंड, शिंपल्यांचा चुरा. 1982 मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली आणि भाव ठरवताना उत्पादकांचा आवाज एक झाला. खर्चाचा मोठा वाटा मात्र खाद्याचाच राहिला.

या पन्नास वर्षांत माझ्या मते सर्वांत मोलाचा धडा शेडमधल्या वजनकाट्याने दिला. पिलाचा सांगाडा पहिल्या 12 आठवड्यांत बहुतांश घडतो. तेव्हा प्रथिनं कमी पडली, तर नंतर चारलेल्या खाद्याने चरबी चढते, हाडं वाढत नाहीत. तलंग, म्हणजे अंड्यावर येण्याआधीची तरुण कोंबडी, 18 व्या आठवड्यात सव्वा किलोच्या आसपास हवी. हलकी राहिली तर अंड्यावर उशिरा येते, अंडी बारीक देते आणि ऐन भराचं उत्पादन टिकत नाही. फार जड झाली तर यकृतावर चरबी साठते, अंग बाहेर येण्याचा धोका वाढतो. म्हणून जाणकार दर आठवड्याला नमुन्याची पिलं तोलतात. निदान 80 टक्के पिलं सरासरीच्या दहा टक्के आत-बाहेर असली, की कळप एकसारखा वाढतोय असं मानतात. वजन भरल्यावरच ते तलंगांना अंड्यावर आणण्यासाठी उजेडाचे तास वाढवतात.

खाद्याची वेळही हळूहळू उमगली. अंड्याच्या कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असतं आणि कवच मुख्यतः रात्री घडतं. म्हणून जाडसर शिंपला दुपारनंतर द्यायचा. उन्हाळ्यात कोंबडी कमी खाते, तेव्हा खाद्य पहाटेच्या गारव्यात द्यायचं.

आज इथेनॉलसाठीही मक्याला मागणी आहे. खाद्य महागलं की पहिली कात्री अजून अंडं न देणाऱ्या तलंगांच्या खाद्याला लागते. ही बचत सर्वांत महाग पडते. सोळा आठवड्यांत वाचवलेले पैसे पुढचं वर्षभर अंड्यांच्या ट्रेमधून वजा होत राहतात.