जठरातला जंतू



पोटात आग होते, आंबट ढेकर येतात, उपाशीपोटी दुखते. असे झाले की घरातली मोठी माणसे काय म्हणतात? "पित्त झालंय. तिखट कमी खा, जागरण करू नको." मग चिमूटभर खाण्याचा सोडा घेतात. थोडा वेळ बरे वाटते, पण चार दिवसांनी पुन्हा तेच! कितीतरी माणसे असे दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढतात. त्याच्यामागे पुष्कळदा एक जंतू असतो. आज त्याची माहिती घेऊ या.

त्याचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. नाव लांबलचक, पण जंतू इतका लहान की सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही. अंग पिळदार, आणि टोकाला शेपटीसारखे तंतू. त्यांच्या जोरावर तो पोहतो.

आपल्या जठरात तीव्र आम्ल असते. अन्नाबरोबर गेलेले बहुतेक जंतू त्यात मरतात. मग हा कसा बरे जगतो? त्याची एक युक्ती आहे. शेतात आपण युरिया टाकतो ना? तोच पदार्थ थोडासा आपल्या शरीरातही तयार होतो. हा जंतू त्या युरियापासून अमोनिया बनवतो. अमोनियामुळे त्याच्याभोवतीच्या आम्लाचा जोर कमी होतो. मग तो जठराच्या आतल्या बुळबुळीत थरात दडून बसतो. हळूहळू तिथे सूज येते. आतले अस्तर कमजोर झाले, की आम्लाने तिथे जखम होते. तिलाच अल्सर म्हणतात.

पूर्वी डॉक्टरांनाही वाटे, की अल्सर काळजीने आणि आम्ल वाढल्याने होतो. ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात डॉ. रॉबिन वॉरेन यांना १९७९ साली रोग्यांच्या जठराच्या तुकड्यांत हे जंतू दिसले. डॉ. बॅरी मार्शल त्यांच्या मदतीला आले. जंतू बशीत वाढवून पाहायचे, पण काही केल्या ते वाढेनात! दोन दिवसांत काही दिसले नाही की बशी फेकून देत. १९८२ साली ईस्टरच्या सुट्टीमुळे बश्या जास्त दिवस राहिल्या, आणि जंतू वाढलेले दिसले!

तरी लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी स्वतःच ते जंतू मिसळलेले पाणी पिऊन टाकले. काही दिवसांतच त्यांना उलट्या झाल्या आणि जठराला सूज आली. पुढे ते बरे झाले. २००५ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हा जंतू बहुधा लहानपणीच पोटात शिरतो, आणि घरातल्या एकाकडून दुसऱ्याकडे जातो. पुष्कळांना त्याचा काहीच त्रास होत नाही. पण काहींना अल्सर होतो, आणि थोड्या जणांना पुढे जठराचा कर्करोगही होऊ शकतो. म्हणून दुखणे अंगावर काढू नये.

मित्रांनो, एवढे लक्षात ठेवा, आणि घरीही सांगा :

१) शौचाहून आल्यावर व जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. पाणी स्वच्छ, शुद्ध केलेलेच प्यावे.

२) पोटदुखी वारंवार होत असेल तर सोड्यावर भागवू नये. डॉक्टरांना दाखवावे. श्वासाच्या, शौचाच्या किंवा दुर्बिणीच्या तपासणीने जंतू कळतो.

३) डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बहुधा १० ते १४ दिवस घ्याव्या लागतात. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नयेत. अर्धवट औषधाने जंतू चिवट होतो.

४) अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्यांनीही अल्सर होतो.

५) डांबरासारखे काळे शौचास झाले किंवा उलटीतून रक्त पडले, तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

तिखट खाल्ल्याने दुखणे जास्त जाणवेल, पण नुसते तिखट सोडून हा जंतू जात नाही. त्याला औषधच लागते, आणि औषध आहे!