पेंटबॉल : रंगाच्या गोळीचा खेळ

गेल्या हिवाळ्यात आम्ही काही मित्र लोणावळ्याजवळ पेंटबॉल खेळून आलो. दंडावरचा काळानिळा डाग पाहून आमच्या एका सरांनी चौकशी केली. सगळी हकीगत ऐकल्यावर ते म्हणाले, “माणसावर नेम धरायचा आणि त्याला खेळ म्हणायचे?” प्रश्न रास्त होता. मला त्या वेळी धड उत्तर देता आले नाही. ते येथे देऊन पाहतो. त्यासाठी हा खेळ आला कोठून, हे आधी सांगावयास हवे.

पेंटबॉलचा जन्म एका वादातून झाला. चार्ल्स गेन्स हे अमेरिकन लेखक. शरीरसौष्ठवावरील ‘पंपिंग आयर्न’ या १९७४ च्या पुस्तकाचे ते एक कर्ते. त्यावरून निघालेल्या चित्रपटाने पुढे आर्नोल्ड श्वार्झनेगर यांचे नाव गाजले. गेन्स यांचे मित्र हेज नोएल न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात वावरणारे. नोएल यांचे म्हणणे असे, की बाजाराच्या धकाधकीत जो टिकतो तो कोठेही टिकेल, अगदी रानातसुद्धा. गेन्स यांना हे मुळीच पटेना. रानात रानाचाच माणूस तरेल, असा त्यांचा दावा. वाद पुष्कळ दिवस चालला. पण तो पडताळून पाहावयाचा कसा?

तेवढ्यात एका मित्राला शेतीसामानाच्या कॅटलॉगमध्ये एक चमत्कारिक पिस्तूल दिसले. त्याचे नाव नेलस्पॉट ००७. नेल्सन या रंग बनविणाऱ्या कंपनीसाठी ते तयार होई. तोडावयाच्या झाडांवर लांबून खूण करावी, कळपातील विशिष्ट गुरे ओळखू यावीत, एवढाच त्याचा उपयोग. चिखल, काटे आणि ओढे तुडवीत प्रत्येक झाडापर्यंत डबा-ब्रश घेऊन जाण्याचे वनकर्मचाऱ्यांचे कष्ट त्याने वाचत. या निरुपद्रवी अवजारातून वादाचा निकाल लावण्याचे ठरले. बॉब गर्न्सी या तिसऱ्या मित्राने नियम बसविले.

२७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातील हेनिकर गावानजीकच्या जंगलात बाराजण उतरले. त्यांत शल्यविशारद होते, शेतकरी होते, शेअर दलाल होते, लेखक होते. जंगलात चार ठिकाणी चार रंगांची निशाणे ठेवलेली. रंग न लागू देता प्रत्येक ठिकाणचे एकेक निशाण घेऊन जो बाहेर पडेल तो विजयी. प्रत्येकजण स्वतःपुरता, पक्षबिक्ष काही नाही. जिंकला रिची व्हाइट नावाचा वनकर्मचारी. आणि गंमत अशी, की त्याने एकही गोळी झाडली नाही! तो कोणाला दिसलाच नाही. वाद गेन्स यांनी जिंकला म्हणावयाचा. पण मला त्यातून सरांसाठी उत्तराचा पहिला धागा सापडला. या खेळाचा पहिला विजेता नेमबाजीवर जिंकलेला नाही.

आता गोळीविषयी. कॉड लिव्हर ऑइलची मऊ पिवळी गोळी आपण सर्वांनी लहानपणी नाक मुरडत गिळली आहे. पेंटबॉलची गोळी म्हणजे तिचीच बहीण. बाहेर जिलेटिनचे पातळ कवच, आत रंगद्रव. औषधी कॅप्सूल बनविणाऱ्या आर. पी. शेरर कंपनीच्याच कारखान्यात आरंभीच्या गोळ्या तयार होत. त्या काळचा रंग तेलाचा असे, तो काढावयास टर्पेंटाइन लागे; झाडांसाठी ते ठीक, कपड्यांसाठी नव्हे. पुढे पाण्याने धुतला जाणारा रंग आला आणि खेळ घरोघरच्या आयांना सुसह्य झाला. गोळीचा व्यास ०.६८ इंच, म्हणजे सुमारे १७ मिलिमीटर. ती कार्बन डायऑक्साइडच्या किंवा नुसत्या हवेच्या दाबाने सुटते. तिचा वेग सेकंदाला ३०० फुटांच्या वर जाऊ नये असा दंडक असून खेळापूर्वी तो यंत्राने मोजतात. बंदुकीस या खेळात ‘मार्कर’ म्हणतात. नाव बदलल्याने वस्तू बदलत नाही, हे सरांचे म्हणणे मला मान्य आहे.

वस्त्राखालच्या कातडीला या गोळीने डाग पडतो, डोळा मात्र कायमचा जाऊ शकतो. म्हणून पूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा मैदानावर क्षणभरही उतरवावयाचा नाही. काच धुक्याने भरली, घाम आला, तरी नाही. साधा चष्मा किंवा गॉगल चालत नाही. डोळ्यांच्या गंभीर दुखापती बहुतेक अशा ठिकाणी झालेल्या आढळतात, जेथे मुखवटाही नव्हता आणि देखरेखही नव्हती.

नियम सोपे आहेत. सहसा दोन पक्ष असतात. प्रतिपक्षाचे निशाण आणावयाचे किंवा सर्वांना बाद करावयाचे. गोळी अंगावर फुटून रंग लागला तर खेळाडू बाद, नुसती आपटून उडाली तर नाही. बाद झालेल्याने हात वर करून आपण होऊन बाहेर जावयाचे. पंच असतात, परंतु झाडाझुडपांत त्यांना सगळे कसे दिसणार? लागलेला रंग पुसून खेळत राहणे हा या खेळातला सर्वांत निंद्य अपराध.

तो मी केला आहे. एका पिंपाआड बसलो असताना खांद्याला काही चाटून गेले. हात लावला तर केशरी, ओले. मी हात मातीत पुसला, खांदाही पुसला. पंचांनी पाहिले नाही. त्यानंतर मी दोघांना बाद केले आणि आमचा पक्ष जिंकला. चहा पिताना एक मित्र म्हणाला, “मला वाटलं, माझी गोळी तुला लागली.” “फुटली नाही रे,” मी म्हणालो. त्याने लगेच मान्य केले. खरे काय ते त्याला हा लेख वाचूनच कळेल.

सरांची शंका एकट्या त्यांची नाही. मार्च २००९ मध्ये जर्मनीतील विनेनडेन येथे शाळेत भीषण गोळीबार झाला, तेव्हा तेथील सत्ताधारी आघाडीने पेंटबॉलवर बंदी घालण्याचे योजिले होते. पुढे तो प्रस्ताव बारगळला. लष्करी गणवेश चढवून युद्धाची नक्कल करणाऱ्या प्रकाराविषयी माझेही मन साशंक आहे. स्पर्धेचा पेंटबॉल निराळा: मोकळे मैदान, हवा भरलेले मोठमोठे अडसर, भडक रंगाच्या जर्सी, मिनिटा-दोन मिनिटांत आटोपणारा डाव. तो पाहताना मला युद्धापेक्षा खो-खोची धावपळ अधिक आठवते.

एवढे सारे सरांना ऐकविले. पुढल्या खेपेस ते आमच्याबरोबर येणार आहेत. मात्र पंच म्हणून. मार्कर हाती धरणार नाही, असे त्यांनी आधीच बजावले आहे, आणि मी कोणत्या पिंपाआड बसणार तेही विचारून ठेवले आहे.