सुई, डंबा आणि दुखणे : ॲक्युपंक्चर समजून घेताना



गेल्या पावसाळ्यात माझी कंबर धरली. परतवाड्याहून सेमाडोहमार्गे धारणीपर्यंत एस.टी., पुढे गावापर्यंत कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून, असा माझा वर्षानुवर्षांचा प्रवास. कंबर कधीतरी बोलणारच होती. अमरावतीच्या डॉक्टरांनी तपासले, एक्स-रे काढला, गंभीर काही नाही म्हणाले आणि व्यायाम दिला. दुखणे थांबवणाऱ्या गोळ्यांनी मात्र माझ्या पोटात आग पडू लागली. तेव्हा डॉक्टरांना विचारूनच मी नोंदणी असलेल्या एका ॲक्युपंक्चर चिकित्सकाकडे आठ वेळा जाऊन सुया लावून घेतल्या. दुखणे पूर्ण गेले नाही. निम्म्याने कमी झाले, रात्रीची झोप लागू लागली आणि व्यायाम करता येऊ लागला.

ही गोष्ट मी धारणी तालुक्यातल्या एका गावात बायकांच्या बैठकीत सहज सांगितली. एक कोरकू आजी नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बाळाच्या पोटावर जुन्या चटक्यांचे चार डाग होते. मागच्या भेटीत त्यावरून मी त्यांना बरेच बोलले होते. आजी शांतपणे म्हणाल्या, "बाई, तुमी पैसे देऊन सुया टोचून घेता. आमी डंबा देतो. मंग आमचंच काऊन वाईट?"

मला लगेच उत्तर देता आले नाही.

त्याच महिन्यात अकोल्याला उपासनेनंतर मंडळीतले एक ज्येष्ठ काका भेटले. त्यांचे गुडघे सुयांनी बरेच सुधारले आहेत. मेळघाटात एक दिवसाचे मोफत ॲक्युपंक्चर शिबिर घ्यावे, खर्च आपण देऊ, असे त्यांनी मनापासून सांगितले. आजींचा प्रश्न आणि काकांची देणगी, दोन्हींना उत्तर देण्यासाठी मला आधी हा उपचार नीट समजून घ्यावा लागला. जे समजले ते आपल्यापुढे ठेवते.

सुई लावतात म्हणजे काय करतात?

इंजेक्शनची सुई पोकळ असते, तिच्यातून औषध जाते. ॲक्युपंक्चरची सुई भरीव असते आणि केसापेक्षा थोडीच जाड. तिच्यातून काहीही आत जात नाही. ठरावीक जागी ती त्वचेतून स्नायूपर्यंत घालतात, हलकेच फिरवतात आणि साधारण वीस ते तीस मिनिटे तशीच ठेवतात. टोचताना मुंगी चावल्यासारखे वाटते. नंतर त्या जागी जडपणा किंवा झिणझिण्या येतात. काही ठिकाणी सुयांना बारीक वीजप्रवाहही जोडतात.

चीनच्या परंपरेप्रमाणे शरीरात 'ची' नावाची जीवनशक्ती वाहते. तिचे बारा मुख्य मार्ग आहेत, तो प्रवाह अडला की दुखणे येते आणि सुईने तो मोकळा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणित यादीत सुईचे ३६१ बिंदू आहेत.

आपल्याकडे ही विद्या कशी आली?

१९३८ साली जपानी आक्रमणाला तोंड देणाऱ्या चीनच्या मदतीसाठी भारतातून पाच डॉक्टर गेले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि कोलकात्याचे डॉ. बिजय कुमार बसू होते. डॉ. कोटणीस जखमी सैनिकांची सेवा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी चीनमध्येच वारले. डॉ. बसू परतले. पुढे ते पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ पासून कोलकात्यात हा उपचार देऊ लागले. भारतात या उपचाराची सुरुवात त्यांच्यापासून मानतात. लुधियान्याच्या ॲक्युपंक्चर रुग्णालयाला आजही डॉ. कोटणीसांचे नाव आहे.

महाराष्ट्राने या उपचारासाठी स्वतंत्र कायदा केला आहे : महाराष्ट्र ॲक्युपंक्चर चिकित्सा पद्धती अधिनियम, २०१५. त्यानुसार चिकित्सकांच्या नोंदणीसाठी परिषद आहे. म्हणून सुई लावणाऱ्याला "तुमची नोंदणी आहे का?" असे विचारण्यात काही गैर नाही.

शरीरात नेमके काय घडते?

'ची'चे मार्ग शरीर उघडून कुणाला दिसलेले नाहीत. पण सुईने काही गोष्टी घडतात, त्या मोजता आल्या आहेत.

पहिली गोष्ट मज्जातंतूंची. सुई स्नायूतल्या बारीक तंतूंना जागे करते. तो निरोप पाठीच्या कण्यातून मेंदूकडे जातो. मेंदू उत्तरादाखल एंडॉर्फिनसारखी द्रव्ये सोडतो. ही शरीराची स्वतःची दुखणेशामक औषधे होत. त्यांचे काम रोखणारे औषध आधी दिले तर सुईचा परिणाम घटतो, असे १९७० च्या दशकातल्या प्रयोगांत दिसले.

दुसरी गोष्ट कण्यातल्या 'फाटका'ची. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी मांडले की दुखण्याचे निरोप कण्यातल्या एका फाटकातून मेंदूकडे जातात आणि दुसरी संवेदना ते फाटक थोडे लोटू शकते. दारात कोपर आपटले की आपण ते चोळतो आणि बरे वाटते, ते यामुळेच.

तिसरी गोष्ट सुईच्या जागेची. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांना सुई लावल्यावर त्या जागी ॲडेनोसिन नावाचे द्रव्य वाढले आणि दुखणे कमी झाले.

आता एक अडचणीची गोष्ट. जर्मनीत ११६२ कंबरदुखीच्या रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला योग्य बिंदूंवर सुया लावल्या. दुसऱ्याला मुद्दाम चुकीच्या जागी, वरवर लावल्या. तिसऱ्याला नेहमीची औषधे आणि व्यायाम दिला. सहा महिन्यांनी पहिल्या गटात शंभरापैकी सुमारे ४८ जणांना, दुसऱ्यात ४४ जणांना आणि तिसऱ्यात २७ जणांना चांगला फरक पडला. म्हणजे सुईचा उपयोग झाला, पण नेमक्या बिंदूचे महत्त्व समजतात तेवढे दिसले नाही. अर्धा तास निवांत पडणे, कुणीतरी विचारपूस करत हात लावणे आणि बरे वाटेल ही आशा, यांचाही त्यात मोठा वाटा असावा.

कशासाठी उपयोग होतो, कशासाठी नाही?

गुडघ्याची झीज, मानेचे आणि कमरेचे जुने दुखणे, वारंवार येणारी डोकेदुखी व अर्धशिशी यांत काही रुग्णांना आराम पडतो. तो मध्यम असतो आणि एका बैठकीत मिळत नाही. ब्रिटनमध्ये उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या 'नाइस' या संस्थेने २०१२ साली डोकेदुखी टाळण्यासाठी पाच ते आठ आठवड्यांत दहापर्यंत बैठका सुचवल्या. त्याच संस्थेने २०१६ साली कंबरदुखीसाठी मात्र सुई देऊ नये असे म्हटले. जाणकारांतही मतभेद आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. माझ्या कमरेला आराम पडला म्हणून सर्वांच्या पडेल असे मी म्हणणार नाही.

मळमळीसाठीही उपयोग होतो, विशेषतः शस्त्रक्रियेनंतरच्या. त्यासाठीचा बिंदू मनगटाच्या आतल्या बाजूला असतो. मनगटाच्या घडीवर तीन बोटे आडवी ठेवा. तिसऱ्या बोटाच्या वर, दोन शिरांसारख्या दोऱ्यांच्या मधोमध तो सापडेल. तिथे सुई न लावता अंगठ्याने दोन-तीन मिनिटे दाबायचे. सेमाडोहच्या घाटात एस.टी. लागणाऱ्या बहिणींनी करून पाहावे. खर्च नाही आणि अपायही नाही.

पण क्षयरोग, न्यूमोनिया, मलेरिया, मधुमेह, कुपोषण किंवा रक्तक्षय सुईने बरा होत नाही. विदर्भातल्या आदिवासी समाजांत सिकलसेल आढळतो. त्याच्या झटक्यात हाडे-सांधे असह्य दुखतात. ते साधे अंगदुखणे समजून सुया लावत बसलो तर जीव जाऊ शकतो. अंगावर बधिर चट्टा असेल तर तिथे सुई वा शेक न लावता आधी कुष्ठरोगाची तपासणी करायला हवी.

हे आपल्या विश्वासात बसते का?

हा प्रश्न मला तीन मंडळ्यांत विचारला गेला. मला वाटते, 'ची'वर विश्वास न ठेवताही सुई घेता येते. वर सांगितलेल्या उंदरांचा कशावर विश्वास होता? मज्जातंतू देवाने सर्वांना सारखेच दिले आहेत. सुईसोबत कुणी मंत्र, ताईत किंवा पूजा सांगू लागला तर नम्रपणे नाही म्हणावे. लूक वैद्य होता, हे आपण विसरू नये. वैद्यकाला आपल्या घरात जागा आहे.

आजींना काय उत्तर दिले?

बाळाचे पोट फुगले, ते रडू लागले की तापवलेल्या लोखंडाचे चटके पोटावर देतात, तो डंबा. २०२५ च्या फेब्रुवारीत चिखलदरा तालुक्यातल्या अवघ्या २२ दिवसांच्या बाळाला असे ६५ चटके दिल्याची बातमी आपण वाचली असेल.

पुढच्या खेपेला मी आजींकडे गेले. आधी मी कबूल केले की त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. एका जागी झोंबले की दुसऱ्या जागचे दुखणे थोडा वेळ मंदावते. शरीराचा हा गुण डॉक्टरही मानतात आणि सुईचा काही परिणाम त्यातूनच येतो. चीनमध्ये सुईच्या जोडीला वनस्पतीचा शेकही देतात, पण नीट शिकलेला माणूस तो सहसा त्वचेपासून दूर धरतो. त्वचा जाळत नाही.

मग फरक सांगितला. माझी कंबर आधी डॉक्टरांनी तपासली. मी मोठी बाई, नको म्हणू शकत होते. सुई निर्जंतुक होती, जखम राहिली नाही. बाळाला नको म्हणता येत नाही. चटक्याची जखम पिकते. आणि सर्वांत मोठी गोष्ट : दुखणे मंदावले म्हणजे रोग गेला असे नाही. चटक्याने दमलेले बाळ गप्प होते, आपल्याला वाटते बरे झाले. आत मात्र न्यूमोनिया वाढत असतो किंवा आतडे अडकलेले असते.

आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दवाखाना दूर हाय. रातच्याला गाडी भेटत नाही. डंबा घरीच हाय."

हे ऐकून मी गप्प झाले. इतकी वर्षे मी चटक्यांवर बोलत होते. रात्रीच्या गाडीचे मी कधी विचारलेच नव्हते.

शिबिराचे काय ठरले?

मी काकांना सांगितले की एका दिवसात सुयांचा फारसा लाभ होत नाही, सहा ते दहा बैठका लागतात. शिवाय तपासणीशिवाय आम्हीच गावात सुया टोचल्या, तर "आधी तपासा" हे आमचेच म्हणणे खोटे पडेल. काकांना थोडे वाईट वाटले. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "मग पैसे गाडीला लावा," म्हणाले.

त्यांच्या देणगीतून दोन गावांत रात्रीच्या गाडीचे भाडे राखून ठेवले आहे. १०८ ची रुग्णवाहिका यायला वेळ लागणार असेल तर आशाताईंनी गावातलीच गाडी काढायची, भाडे आम्ही देणार. पहिल्यांदा जी गाडी निघाली, तिच्यात ताप आलेले सहा महिन्यांचे बाळ होते. ते धारणीच्या रुग्णालयात चार दिवस राहून घरी आले. त्याच्या पोटावर एकही डाग नाही.

आपल्यापैकी कुणी स्वतःसाठी सुईचा विचार करत असाल तर एवढे लक्षात ठेवा :

- आधी डॉक्टरांकडून दुखण्याचे कारण शोधून घ्या. चालू असलेली औषधे स्वतःहून बंद करू नका.
- चिकित्सकाची नोंदणी पाहा. सुया आपल्यासमोर नव्या पाकिटातून काढायला सांगा. वापरलेल्या सुईतून कावीळ ब आणि एचआयव्ही पसरू शकतो.
- गर्भारपण, रक्त पातळ करणारी गोळी, रक्तस्रावाचा आजार किंवा पेसमेकर असेल तर आधी सांगा.
- उपाशी पोटी जाऊ नका, चक्कर येऊ शकते. छातीवर किंवा पाठीवर सुया लावल्यानंतर दम लागला तर थेट रुग्णालयात जा.
- सहा बैठकांत काहीच फरक पडला नाही तर थांबा.

दोन गावांत गाडी आहे, आणखी पाच गावांची यादी माझ्याकडे आहे. या तिमाहीत त्या पाच गावांना आपल्या प्रार्थनेत ठेवा. कुणाला भाड्याचा काही भाग उचलावासा वाटला तर आपल्या पाळकांना सांगा, ते मला कळवतील.

आपली सेवेतील बहीण