लिलावातलं घर आणि आत राहणारा भाडेकरू

बँकेच्या लिलावाच्या जाहिरातीत राखीव किंमत ठळक छापलेली असते. ‘जसे आहे जेथे आहे’ आणि ‘सांकेतिक ताबा’ हे शब्द मात्र बारीक अक्षरांत असतात. स्वस्त फ्लॅटच्या आनंदात ते वाचायचे राहून जातात आणि मग ऐकीव कायद्यावर कारभार चालतो.

‘बँक विकतेय, म्हणजे घर रिकामंच मिळणार.’ तसं नसतं. सांकेतिक ताबा म्हणजे बँकेने दारावर नोटीस चिकटवली, इतकंच. आत कर्जदार असू शकतो, नाहीतर त्याने ठेवलेला भाडेकरू. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकांच्या कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्याच्या कलम 14 खाली बँकेला दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. विक्रीनंतरही बँकेला तो करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये गोव्यातल्या एका हॉटेलच्या प्रकरणात स्पष्ट केलं. तेव्हा सगळे पैसे भरून झाले तरी बँकेचा पिच्छा सोडू नका.

‘लिलाव झाला की भाडेकरूचा हक्क संपला’ हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. मुंबईतल्या एका प्रकरणात 2016 साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं की, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने दिलेलं संरक्षण सरफेसीचा आधार घेऊन पुसून टाकता येत नाही. जुन्या इमारतीतला पागडीचा, पावत्या जपून ठेवणारा भाडेकरू लिलावाने हलत नाही.

पण यावरून ‘भाडेकरू आहे म्हणजे तो कधीच निघणार नाही’ असं समजणंही तितकंच चूक. सगळं तारखांवर ठरतं. भाडेकरू गहाणखताच्या आधी कायदेशीरपणे आलेला असेल, तर त्याची बाजू भक्कम. नंतर आला असेल, तर गहाणखताच्या अटी आणि मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 65-अ पाहावं लागतं. त्याप्रमाणे घराचा भाडेपट्टा तीन वर्षांपलीकडे जाऊ शकत नाही. बँकेची 60 दिवसांची मागणी नोटीस मिळाल्यावर कर्जदाराने बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर भाड्याने दिलं, तर तो व्यवहार टिकत नाही. (नोटीस आल्यावर अचानक उगवणारे ‘जुने’ भाडेकरू वकिलांना चांगले ओळखीचे आहेत.) नुसत्या तोंडी किंवा नोंदणी न केलेल्या करारावर वर्षापेक्षा जास्त काळ राहण्याचा हक्क सांगता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या 2019 च्या निकालात आलं. भाडेकरूचा दावा खरा की रचलेला, हे कर्जवसुली न्यायाधिकरण तपासतं. सरफेसीतल्या 2016 च्या दुरुस्तीने त्याला तसा अधिकार मिळाला आहे.

आत राहणारा लिव्ह अँड लायसन्सवर असेल, तर प्रश्न वेगळा. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यानुसार जुन्या मालकाने दिलेली लायसन्स नव्या मालकावर आपोआप बंधनकारक नसते. मात्र त्याच्या सामानाला हात लावण्याची मुभा यातून मिळत नाही. भाडेकरूच्या बाबतीत ‘पाणी-वीज तोडली की आपोआप जाईल’ हा सल्ला तर हमखास कोणीतरी देतंच. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 29 नुसार तसं करणं गुन्हा आहे. फुकटचा सल्ला देणारा त्या वेळी पोलीस ठाण्यात तुमच्याबरोबर येणार नाही.

भाड्याचंही तसंच. भाडेकरू कायम राहणार असेल, तर खरेदीनंतरचं भाडं तुमचं. आधीची थकबाकी एरवी जुन्या मालकाची. पण मालक बदलल्याचं भाडेकरूला कळवलंच नाही आणि त्याने भाडं जुन्या मालकाला दिलं, तर तेच भाडं त्याच्याकडून पुन्हा मागता येत नाही. म्हणून विक्री प्रमाणपत्र हाती येताच त्याची प्रत जोडून स्पीड पोस्टाने पत्र पाठवा.

त्याहून महत्त्वाचं काम अनामत रक्कम भरण्याआधीचं. त्या घराची बेल वाजवा, आत कोण राहतं ते विचारा, नोंदणीकृत करार आहे का पाहा, नोंदणी कार्यालयातून इंडेक्स टू उतारा काढा आणि मागणी नोटिशीची तारीख बँकेकडून लेखी घ्या. गहाणाची, नोटिशीची आणि भाडेकराराची तारीख हातात नसेल, तर बोली लावू नका.