अडकलेल्या बाटलीपाशी

बाटल्या भरण्याची लाईन सुरळीत चालू असते तेव्हा तिथे माणसाच्या हाताला फारसं काम नसतं. हात आत जातो तो लाईन अडल्यावर. एखादी बाटली आडवी पडते, मागच्या बाटल्या तिच्यावर रेटत येतात आणि ऑपरेटरला वाटतं, बोटाने जरा ढकलली की झालं. मला खरी धास्ती वाटते ती याच क्षणाची.

एमआयडीसीतल्या एका कोल्ड्रिंकच्या कारखान्यात परतीच्या काचेच्या बाटल्या भरताना मी पाहिल्या. गरम कॉस्टिकने धुऊन, खंगाळून त्या फिलरकडे, म्हणजे पेय भरणाऱ्या यंत्राकडे येतात. कन्व्हेअरच्या साखळीवरचं साबणाचं पाणी ठिबकून फरशी कायम निसरडी असते. काचेवर काच आदळण्याचा आवाज असा, की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. आपल्याकडे आठ तासांसाठी 90 डेसिबलची मर्यादा आहे, तरी बोलण्यासाठी इअरप्लग काढून खिशात टाकलेले बरेच दिसले.

फिलरमध्ये बाटलीत आधी वायूचा दाब भरतात, मग पेय. जुन्या बाटलीला बारीक तडा असेल तर ती तिथेच फुटते आणि तुकडे शेजारच्या उघड्या बाटल्यांत पडतात. म्हणून आजूबाजूच्या बाटल्या बाद करायच्या आणि व्हॉल्व्ह पाण्याने धुवायचे. माझ्यासमोर फुटली तेव्हा ऑपरेटरने स्टॉप दाबला, चाक पूर्ण थांबेपर्यंत हात मागे ठेवले. मग मेन स्विच बंद करून त्याला स्वतःचं कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि नावाचा टॅग अडकवला. हवेच्या लाईनमधला दाब सोडला. एवढं करूनही स्टार्टचं बटण एकदा दाबून पाहिलं. काहीच हललं नाही, तेव्हा त्याने गार्ड उघडलं. तोंडावर शील्ड, हातात कोपरापर्यंतचे ग्लोव्हज, आणि काच उचलायला चिमटा.

नुसत्या लाल बटणावर का भागत नाही, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. मशीन थांबलं तरी सिलिंडरमध्ये हवा दाबून असते. अडकलेली बाटली निघाली की रेटा सुटून बाटल्या पुढे नेणारं चाक, स्टारव्हील, झटक्यात पुढे सरकू शकतं. भरलेली बाटली तर थांबल्या मशीनवरही फुटते.

दुसऱ्या एका ठिकाणी गार्डच्या सेन्सरवर लोहचुंबक चिकटवलेलं पाहिलं. दार उघडं, तरी मशीन चालू! यंत्र फिरत असताना गार्ड जागेवर हवं, हे 1948च्या कारखाना अधिनियमाच्या 21व्या कलमातच सांगितलेलं होतं. पण मी एकट्या ऑपरेटरला दोष देणार नाही. लाईन थांबल्याचं प्रत्येक मिनिट शिफ्ट रिपोर्टमध्ये त्याच्या नावावर चढत असेल, तर लोहचुंबक कोणीतरी आणणारच. पहिल्या कारखान्यात कुलूप लावल्याची मिनिटं वेगळ्या रकान्यात लिहितात. त्यांचा जाब ऑपरेटरला विचारत नाहीत.

तिथेही एक गोष्ट मला खटकली. कॉन्ट्रॅक्टवरच्या हेल्परकडे कुलूप नव्हतं. सुपरवायझर म्हणाले, "त्यांचं मशीनवर कामच नसतं." फिलरखाली वाकून काच झाडत होता तो मात्र हेल्परच. ऑपरेटर आपलं काम संपवून कुलूप काढून गेला, तर खाली असलेल्या या पोराच्या नावाचं तिथे काहीच उरत नाही. कामावर घेताना त्याला गणवेश देतात, गेटपास देतात. त्याच वेळी एक कुलूपही द्यावं आणि ते लावायला शिकवल्याशिवाय त्याला फिलरखाली पाठवू नये.