भाकरतुकडा पुरेसा आहे काय?

कुत्र्यासाठी निराळे अन्न विकत आणावे, ही कल्पना आपल्याकडील जुन्या पिढीला आजही चमत्कारिक वाटते. उरलेला वरण-भात, शिळी पोळी, कधीमधी थोडे दूध एवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या कुत्री जगली; मग पाकिटातल्या सुक्या गोळ्यांवर पगारातला हिस्सा का खर्चावा, असा प्रश्न शिक्षकाच्या वा कारकुनाच्या घरात निघणे स्वाभाविक आहे. पाकिटावरील बारीक अक्षरांतली घटकांची यादी वाचून धास्तावलेली सुशिक्षित मंडळीही आता घरच्या अन्नाकडे वळत आहेत. घरी पॉमेरेनियन किंवा पग यांसारखे लहान चणीचे कुत्रे असले की, एवढ्याशा जिवाला वेगळे काय शिजवायचे, असेही वाटते. प्रश्नाची खरी गुंतागुंत मात्र या ‘एवढ्याशा’ शब्दातच आहे.

बाजारी अन्नाचा इतिहास फार जुना नाही. जेम्स स्प्रॅट नावाचे एक अमेरिकन गृहस्थ तडितवाहक विकण्यासाठी लंडनला आले आणि १८६० च्या सुमारास त्यांनी गहू, भाज्या व मांस यांची कुत्र्यांसाठी बिस्किटे काढली. त्यापूर्वीची हजारो वर्षे हा प्राणी माणसाच्या उष्ट्यावरच पोसला गेला. धर्मराजाने स्वर्गाच्या दारातही श्वानाची साथ सोडली नाही. वाटेत त्याला काय खाऊ घातले, याची चौकशी मात्र कोणी केली नाही. या सहवासाने कुत्र्याची पचनशक्तीही पालटली. पिष्टमय पदार्थ पचविण्यास मदत करणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यात सामान्यतः दोनच असतात, कुत्र्यात मात्र त्या अनेकपटींनी अधिक आढळतात, असे स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले. तेव्हा भात-भाकरी हे कुत्र्याला परके अन्न आहे, हा आक्षेप टिकत नाही.

तथापि ‘आमची कुत्री भाकरीवरच जगली’ या युक्तिवादात एक मोठी फट आहे. गावातले कुत्रे केवळ भाकरीवर कधीच जगले नाही. ते दिवसभर शिवारात हिंडे, उंदीर-घुशी मारी, खाटकाच्या दारातली हाडे चघळी, उकिरडा उकरी. भाकरीत जे नव्हते ते त्याने स्वतःच्या पायांनी मिळविले. ज्यांना ते मिळाले नाही ती लवकर मेली आणि त्यांची मोजदाद कोणी ठेवली नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या बंद दारामागील कुत्र्याला ही सोय नाही. त्याच्या वाटीत जे नाही, ते त्याच्या आयुष्यातच नाही.

आता हिशेब पाहू. पाच किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारणपणे साडेतीनशे ते चारशे कॅलरी पुरतात. तूप लावलेली एक पोळी सव्वाशे कॅलरींच्या घरात जाते, म्हणजे दिवसाच्या गरजेचा जवळजवळ तिसरा हिस्सा. साठ किलोच्या माणसाने रोजच्या जेवणावर आणखी सहा-सात पोळ्या खाव्यात, तसा हा प्रकार होतो. घरातल्या चार माणसांनी आपापल्या ताटातला एकेक घास प्रेमाने दिला, तरी कुत्र्याचे एक जेवण त्यातच होते. आणि ते निव्वळ पिठाचे असते.

पोट भरते, पण हाडे उपाशी राहतात. धान्य, डाळ आणि हाडाविना मांस या तिन्हींत फॉस्फरस पुरेसा, पण कॅल्शियम अगदी कमी असते. ही तूट शरीर स्वतःच्या हाडांतून भरून काढते. वाढत्या पिलाचे पाय वाकतात, ते याच कारणाने. पाच किलोच्या कुत्र्याला रोज चार-पाचशे मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. तेवढे दुधातून द्यायचे तर चारशे मिलिलिटरच्या आसपास दूध लागेल, आणि प्रौढ कुत्र्याला एवढे दूध बहुधा सोसत नाही. अंड्याच्या उकळून वाळविलेल्या कवचाची बारीक पूड पाव चमचा घेतली, तर हे काम होते. ‘ड’ जीवनसत्त्वाची गोष्ट तर अधिकच विलक्षण आहे. माणसाला ते उन्हातून मिळते. कुत्र्याची कातडी ते पुरेसे तयार करू शकत नाही, ते अन्नातूनच यावे लागते. याउलट ‘क’ जीवनसत्त्व त्याचे शरीर स्वतःच बनविते. आपल्याला जे मानवते ते त्यालाही मानवेल, हे गृहीतक असे पदोपदी कोसळते. आमटीतील कांदा-लसूण त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतो आणि शिऱ्यातले बेदाणे मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात.

मग पाकीटच बरे, असे म्हणावे काय? तसाही निर्वाळा देता येत नाही. २००७ साली अमेरिकेत मेलामाइन मिसळलेल्या गव्हाच्या चिकाटीपासून बनविलेले अन्न खाऊन अनेक कुत्री-मांजरे मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली आणि कोट्यवधी डबे बाजारातून परत घ्यावे लागले. परंतु पाककृतींची गतही समाधानकारक नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी २०१३ साली घरगुती श्वानाहाराच्या २०० पाककृती तपासल्या. त्यांतील ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक घटक अपुरा निघाला, आणि ९२ टक्के पाककृतींतील सूचनाच मोघम किंवा अपुऱ्या होत्या. ‘थोडे मांस’, ‘चवीपुरते तेल’ ही आपल्या स्वयंपाकघराची भाषा पाच किलोच्या प्राण्याला परवडणारी नाही. शिवाय ‘घरीच शिजवावे’ असा आग्रह धरणारे गृहस्थ सहसा स्वतः शिजवीत नाहीत, हेही येथे नोंदविले पाहिजे.

ज्या घरात मोजून-मापून शिजविण्याइतकी सवड नाही, तेथे पाकिटाची लाज वाटण्याचे कारण नाही. जेथे ती आहे, तेथे पशुवैद्याकडून वजनावर बेतलेला आहार आणि क्षार-जीवनसत्त्वांचे मिश्रण लिहून घ्यावे. हे मार्गदर्शन सोप्या मराठीत उपलब्ध करणे हे नागपूरच्या पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाला किंवा मुंबईच्या १८८६ साली स्थापन झालेल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाला अवघड नाही. तीन, पाच, आठ किलोच्या कुत्र्यांसाठी, शाकाहारी आणि मांसाहारी अशा दोन्ही घरांसाठी, ग्रॅममध्ये मापे दिलेली एक छोटी पुस्तिका पुरे होईल. तोवर निदान स्वयंपाकघरात एक काटा हवा. आणि महिन्यातून एकदा कुत्र्याचेही वजन व्हावे. पाच किलोच्या जिवाला अर्धा किलो चढला, तर तो दहा टक्के असतो.